लाईन गेल्यावरचं प्रशिक्षण

वैशाख लागला की आमच्या वर्ध्यात दोन गोष्टी माळ्यावरून खाली काढतात. एक कूलर आणि दुसरं प्रशिक्षण. दोन्ही वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेली असतात, दोन्हींतून सुरुवातीला नुसती धूळ येते, दोन्ही आवाज फार करतात आणि हवा फक्त पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना लागते. यंदाही आमच्या घरी कूलर पुसून खिडकीला लागला, नव्या वाळ्याच्या ताट्या बसल्या, पाणी सुटलं आणि तो ओला, मातकट, गोडसर वास घरभर पसरला. नेमकी त्याच दुपारी कॉलेजातून पत्रिका आली. ‘विद्यापीठीय संकेतस्थळ विकासकांसाठी प्रशिक्षण व परस्पर साहाय्य कार्यशाळा.’ संकेतस्थळ विकासक म्हणजे आम्ही, आपापल्या कॉलेजची वेबसाइट करणारे. परस्पर साहाय्य हे शब्द वाचून मला इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला.

आमचं परस्पर साहाय्य विद्यापीठाच्या याच लोकांनी आपल्या हातानं मारलं होतं. आता त्याच्या नावाची पत्रिका छापली होती, वर गणपतीही होता.

त्या वासाबरोबर मला तो उन्हाळा आठवतो. शतक बदलून काही वर्षं झाली होती. आमच्या विद्यापीठाला अचानक वाटलं की प्रत्येक कॉलेजची वेबसाइट हवी. का हवी, हे कुणी विचारलं नाही. शेजारच्या विद्यापीठाची होती, एवढं कारण पुरेसं होतं. त्याआधी, नव्वदच्या दशकात, आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, खोलीला एसी मिळाला, पडद्याला मखमली झूल मिळाली आणि आम्हाला चपला बाहेर काढायची ताकीद मिळाली. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. बाकी वर्षभर त्याला कुणी हात लावत नसे, म्हणून तो चांगला टिकला.

तर वेबसाइट करणार कोण? आमच्या प्राचार्यांच्या प्रिंटरमध्ये एकदा कागद अडकला होता. तो मी ओढून काढला होता. मी खरं तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवणारी, पण त्या एका कागदाच्या बळावर मी वेबसाइटवाली झाले. पुलगावच्या कॉलेजातले ग्रंथपाल काळबांडे पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या टाइप करायचे, म्हणून ते वेबसाइटवाले. जिल्ह्यातले बाकीचेही असेच निवडलेले. ज्यानं माउस धरायचं धाडस केलं तो विकासक. देवळीच्या कॉलेजात मात्र शुभांगी होती. तिनं कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घेतलेलं. आमच्यात ती एकटीच शिकलेली, म्हणून ती एकटीच कंत्राटी.

मे महिन्यात आम्हाला शहाणं करायला पुण्याहून तज्ज्ञ आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये आणले. विदर्भाच्या मे महिन्यात त्यांनी कोट घातला होता आणि दर वाक्याआड ते म्हणायचे, “तुमच्याकडे फार ऊन हो!” जणू आम्ही ते रात्रभर जागून त्यांच्यासाठी तयार केलं होतं. दीपप्रज्वलनाला कूलरच्या वाऱ्यानं वाती विझायला लागल्या, तेव्हा कूलर बंद केला. मग त्याच्या आवाजात भाषणं ऐकू येणार नाहीत म्हणून तो बंदच राहिला. जेवायला सगळे बाहेर मांडवात गेले तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये तो कुणीतरी सुरू केला. त्या दिवसाची सगळी गार हवा खुर्च्यांनी खाल्ली.

तज्ज्ञांनी आम्हाला पान कसं करायचं ते शिकवलं. पानावर सगळ्यांत महत्त्वाचं काय? विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या तारखा? छे. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो. त्याखाली प्राचार्यांचा. फोटो लावायची युक्ती त्यांनी फळ्यावर लिहून दिली आणि आम्ही ती जशीच्या तशी उतरवून घेतली. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पानात फोटो नसतो, फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. तज्ज्ञांनी आम्हाला जो पत्ता लिहायला लावला तो आमच्याच मशिनमधल्या सी ड्राइव्हचा होता. म्हणजे लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता म्हणून ‘आमच्या घरातलं मधलं कपाट’ असं छापायचं. घरातल्या माणसाला लग्न सापडेल, बाकीच्यांनी काय करायचं?

शुभांगीनं हात वर केला. तिनं जरा भीत भीतच विचारलं, “सर, हेच पान दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं तर फोटो दिसेल का?”

तज्ज्ञ हसले. म्हणाले, “मॅडम, आधी तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तर नीट उघडू द्या!”

हॉल हसला. दुपारच्या जेवणात श्रीखंड होतं, त्यामुळे हसणं ओघानंच आलं. मी हसले नाही, पण त्यात मोठेपणा नाही, मला डुलकी लागली होती. काळबांडेंनी ढोसून हे सगळं सांगितलं तेव्हा शुभांगी खाली बसलेली होती आणि वहीत उगाचच समास आखत होती. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. शेवटच्या दिवशी आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली, तज्ज्ञांना शाल-श्रीफळ मिळालं आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो निघाला.

प्रमाणपत्र ही मोठी वाईट चीज आहे, हे माझं तेव्हापासूनचं मत. ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ असं एकदा कागदावर आलं की माणसाला अडायची सोय राहत नाही. काल अडला असता तर शिकाऊ म्हणून माफ होतं. आज अडला तर विद्यापीठाची फसवणूक. आमची प्रशिक्षणं लोकांना काम शिकवत नाहीत, येत नसलेलं काम झाकायला शिकवतात, आणि तेवढं मात्र पहिल्याच दिवशी पक्कं शिकवतात.

त्यात आमच्याकडे गंमत अशी होती की प्रत्येक कॉलेजात इंटरनेट एकाच मशिनवर, आणि पान करायचं मशिनही तेच. आपण केलेलं पान आपण आपल्याच मशिनवर बघायचं. अध्यक्ष हसतायत, प्राचार्य गंभीर आहेत, सगळं झकास. पान सीडीवर भरून बुधवारी वर्ध्याला आमच्या कॉलेजात आणून द्यायचं, तिथला बाबू गठ्ठा बांधून विद्यापीठात पाठवायचा, तिथे ते कोणीतरी जगासमोर चढवायचं. जगात मात्र अध्यक्षांच्या जागी रिकामी चौकट आणि चौकटीत एक छोटीशी लाल फुली. सगळ्या जिल्ह्याचे अध्यक्ष असे फुलीत गेले होते आणि जिल्ह्याला पत्ता नव्हता.

बुधवारी दुपारी वर्ध्याची लाईन जायची. लाईन म्हणजे वीज. तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आमच्याकडे परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा त्याचा भरवसा जास्त होता. लाईन गेली की कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, बाबू टेबलावर डोकं टेकून झोपलेला. सीडी घेऊन आलेली मंडळी मग फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली चहाच्या टपरीवर येऊन बसायची. डोक्याला दुपट्टे बांधलेले, तोंडावर ऊन चढलेलं. वर निंबोळ्या धरलेल्या, खाली डांबर मऊ झालेलं, त्यात कुणाची तरी चप्पल चिकटून निघाल्याची खूण. तिथे कुणाला हुद्दा नव्हता, कारण सावलीत जागाच कमी होती.

एका बुधवारी शुभांगी आली ती डोळे सुजलेले घेऊन. काळबांडेंनी विचारलं, “काऊन वो पोरी, उन लागलं का?”

ती म्हणाली, “काका, आमच्या अध्यक्षायनं नागपूरले कोणाच्या तरी ऑफिसात आपली वेबसाइट उघडली. चार लोकायले दाखवाले. तं त्यायच्या फोटोच्या जागी लाल फुली. निवडणूक जवळ आली नं, त्यायले वाटून राह्यलं का कॉलेजातल्याच कोणी त्यायच्यावर फुली मारली. प्राचार्य म्हणते सोमवारी साहेब येऊन राह्यले. तोंड दिसलं तं ठीक, नाई तं नव्या सत्रात येऊ नका.”

तिचं सासर देवळीच्या मेन रोडवरचं, कापडाचं दुकान. सून नोकरी करते हे सासऱ्यांना पहिल्यापासून बोचत होतं. तीच पुढे म्हणाली, “नोकरी गेली तं घरी कोणी रागावणार नाई जी. उलट म्हणतीन, बरं झालं, आता दुकानात बस. मले तेच नाई पायजे. जन्मभर लुगड्याच्या घड्या घालत बसू का मी?”

मला तेव्हा फार राग आला. तिच्या सासऱ्यांचा नाही, ते निदान लपवत तरी नव्हते. राग आला त्या कोटाचा, त्या श्रीखंडाचा, फळ्यावरच्या त्या सुंदर अक्षराचा. या मुलीनं नेमका हाच प्रश्न भर हॉलमध्ये विचारला होता, आणि आता त्या उत्तराची किंमत तिनंच चुकवायची होती. मी तसं बोलूनही दाखवलं, बऱ्याच वाईट शब्दांत.

काळबांडे बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. “एक सांगू का,” ते म्हणाले, “मायाही प्राचार्यावर फुली आहे. पुलगावात साळ्याचं नेटचं दुकान आहे, तिथं गेलतो तं दिसली. पंधरवडा झाला मी कोनाले बोललो नाई. मले वाटलं मीच एकटा येडा.”

मग आर्वीच्या मास्तरांनी घसा साफ केला. त्यांनाही शंका होती म्हणे. मग सेलूच्या बाई म्हणाल्या, “आमच्या तं दोघावरही आहे जी.” बघता बघता त्या निंबाखाली अख्ख्या जिल्ह्याच्या फुल्या बाहेर आल्या. प्रत्येकाच्या बॅगेत ते प्रमाणपत्र होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे ढ. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग आम्ही सगळे एवढे हसलो की टपरीवाला बाहेर येऊन बघून गेला. शुभांगीसुद्धा दुपट्ट्यानं डोळे पुसत हसत होती.

काळबांडेंनी घड्याळ पाहिलं. “वर्ध्याची लाईन गेली म्हणजे देवळीची आली असन. चाला, बस पकडा.”

ती बस मला आठवते. खिडक्यांचे पत्रे तापलेले, हात ठेवायची सोय नाही. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, मोठमोठी ढेकळं, कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, कुठे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेटवलेला कचरा आणि त्याचा खरपूस धूर. आम्ही घामानं निथळत होतो आणि शुभांगीला पुन्हा पुन्हा विचारत होतो की त्या दिवशी तू हॉलमध्ये नेमकं काय विचारलं होतंस. जी गोष्ट हॉलच्या सावलीत तीन दिवसांत आमच्या डोक्यात शिरली नाही, ती त्या भट्टीत देवळी येईपर्यंत शिरली. पान आपल्याच कपाटात फोटो शोधतंय. तर मग फोटो पानाबरोबर एकाच पेटीत ठेवायचा आणि पत्त्यात फक्त फोटोचं नाव लिहायचं.

तसं केलं. तिच्या मशिनवर दिसला. पण तिच्या मशिनवर तो आधीही दिसतच होता. दुसरं मशिन हवं, आणि कॉलेजात दुसरं मशिन एकच, प्राचार्यांच्या खोलीत, झूल पांघरून बसलेलं. प्राचार्य एका लग्नाला गेले होते. वैशाखात आमच्याकडचा कुठलाही प्राचार्य दुपारी लग्नाला गेलेला असतो. शिपायाला काळबांडेंनी गप्पांत गुंतवलं. आम्ही झूल काढली, पडद्यावरचं दसऱ्याचं हळदीकुंकू पुसलं, सीडी घातली आणि पान उघडलं. आधी चौकट आली. मग वरून हळूहळू, टोपी, कपाळ, चष्मा, मिशी करत अध्यक्ष उतरले. कुठल्याही पुढाऱ्याचं तोंड बघून मला आनंद झाला, असा तो आयुष्यातला एकच प्रसंग.

सोमवारी अध्यक्ष आले. शुभांगीनं पुढे सांगितलेलं हे. त्यांनी प्राचार्यांच्या मशिनवर स्वतःला पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “हा जुना फोटो आहे. नवा टाका.” झालं. एवढ्यावर तिची नोकरी राहिली. तिनं काय दुरुस्त केलं, कसं केलं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. प्राचार्यांनाही नाही.

त्यानंतर दोन उन्हाळे आमची ती रीतच झाली. आपलं पान दुसऱ्याच्या मशिनवर उघडायचं, आणि लाईन जिथे असेल तिथे सगळ्यांनी जायचं. पुलगावात दारूगोळ्याचा डेपो आहे म्हणून तिथली लाईन जात नाही, अशी काळबांडेंची फुशारकी होती. आम्ही स्टेशनवर उतरलो की ती हमखास जायची. मग त्यांच्या ग्रंथालयात खिडक्या उघडून बसायचं, कांदा-फुटाणे खायचे आणि एकमेकांच्या चुका काढायच्या. अडलं की ‘अडलं’ म्हणायचं. एवढ्या एका शब्दावर आम्ही जे शिकलो ते कुठल्याही तज्ज्ञानं शिकवलं नाही. परीक्षेच्या तारखा पानावर यायला लागल्या. पोरांचे वर्ध्याचे हेलपाटे वाचायला लागले.

चांगलं चाललेलं काही आमच्या विद्यापीठाच्या नजरेतून सुटत नाही. कुणीतरी कौतुकानं वर सांगितलं, आणि वरून परिपत्रक आलं. निंबाखालच्या आमच्या बसण्याला ‘सहकारी साहाय्य गट’ असं नाव मिळालं. बैठक सभागृहात, हजेरी सक्तीची, इतिवृत्त ठेवायचं, चहा कपबशीत. आणि अध्यक्षस्थानी कोण? तेच, पुण्याचे. कोट तोच होता. ते म्हणाले, “बोला, काय अडचणी आहेत?” सगळे छताकडे बघायला लागले. त्यांच्याच फळ्यावरून फुली उतरवून घेतलेली माणसं त्यांना काय सांगणार? इतिवृत्तात ‘अडचण नाही’ अशी नोंद झाली. बाहेर पडताना काळबांडे म्हणाले, “सायबासमोर कोन सांगन जी, का मले येत नाई? हा गट मेला, मॅडम. आता याचं तेराव्याचं जेवन तेवढं चांगलं देतीन.” तेही खरं झालं, समारोपाला श्रीखंड होतं. पुढे कॉलेजांना इन्व्हर्टर आले, जनरेटर आले, लाईन गेली तरी कुणाला खोलीबाहेर पडायचं कारण उरलं नाही. जो तो आपापल्या गार खोलीत, आपापल्या फुलीसमोर एकटा.

तर यंदाची ती पत्रिका. मी गेले, मुख्यतः नावं ठेवायला. काळबांडे आता निवृत्त आहेत, गुडघ्यांमुळे घरीच बसलेत, त्यांनी फोनवर बजावलं होतं, “जाजो, आन मले सांगजो काय काय तमाशा झाला तं.” हॉल तोच, कूलर नवा, तज्ज्ञ नवे, तरुण, कोट मात्र जणू खुर्चीबरोबर चालत आलेला. सूत्रसंचालनाला शुभांगी होती. ती आता कायम झाली आहे, जिल्ह्याची समन्वयक आहे, केसांत थोडी चांदी आहे. दीपप्रज्वलनाला तिनं कूलर बंद करू दिला नाही, उदबत्ती लावून मोकळी झाली. तेव्हाच मला थोडं बरं वाटलं.

जेवणानंतर ‘परस्पर साहाय्य’ हे सत्र होतं. तज्ज्ञ म्हणाले, “हं, मोकळेपणानं बोला.” साठेक माणसं रांगेत बसलेली, प्रत्येकासमोर उजळलेला पडदा, आणि कुणी शब्द काढेना. नवी पोरं होती, नव्या तऱ्हेच्या फुल्या असणार, पण चेहरे आमचेच होते. एका मुलीनं हात अर्धा उचलला, बाजूला बघितलं आणि त्याच हातानं केस सारखे केले. मी मनात म्हटलं, मेलं हेही. मी मागच्या दारानं बाहेर पडले.

हॉलच्या बाजूला एक अरुंद बोळ आहे, तिथे विजेची पेटी आहे. तिथे शुभांगी उभी होती. तिनं मला पाहिलं, पण थांबली नाही. पदर खोचला, टाचा उंचावल्या आणि हॉलचा मेन स्विच खाली ओढला.

आतून एक मोठा सुस्कारा आला, पंखे थांबत गेले, कूलरची घरघर बुडाली. अंगणात जनरेटर लगेच सुरू झाला, व्यवस्थित धडधडतही होता, पण मेन स्विच खाली असल्यानं हॉलपर्यंत वीज पोचेना आणि त्याचा माणूस त्याच्याभोवती चक्रावून फिरत होता. थोड्या वेळानं दारं उघडली आणि घामेजलेली माणसं एकेक करून निंबाकडे निघाली. तज्ज्ञ कोट काढत बाहेर आले. “लाईट कशी काय गेली हो?”

“लोडशेडिंग आहे सर,” शुभांगी शांतपणे म्हणाली. “वेळ लागन थोडा.”

निंबाखाली सावली अजूनही तेवढीच होती. मघाशी हात अर्ध्यावर नेलेली ती मुलगी एका अनोळखी माणसाला चिकटून उभी राहिली होती, आणि तो तिला विचारत होता, “तुमच्याकडंही पोरायनं फॉर्म भरला का पान कोरं होते काय जी? मले वाटलं मायाच कॉलेजात होते.”

मागून जनरेटरवाला पाना घेऊन विजेच्या पेटीकडे यायला निघाला होता. मी हॉलमधून एक खुर्ची ओढून आणली, बोळाच्या तोंडाशी आडवी मांडली आणि ऐसपैस बसले.